इनासकाकांचे रिकामे रस्ते

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये आता एक केरळी जोडपं राहतं. फार चांगली माणसं आहेत. भांडण नाही, आदळआपट नाही, मासे तळले तरी वास बेताचा. ते राहायला आल्यापासून माझ्या स्वयंपाकघरातली भांडी एकदाही थरथरलेली नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला करमत नाही.

पूर्वी थरथरायची. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चहा टाकला की वरून आधी घर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा, मग मांडणीवरच्या वाट्या किणकिणायला लागायच्या, मग डब्यांची झाकणं. माझी मुलगी इरा, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, फोनमधून मान वर न काढता सांगायची, "आई, अंकल इज क्लाइंबिंग अगेन."

बहारीनमध्ये, जुफैरच्या या इमारतीत आम्ही नवीन होतो तेव्हा अर्थातच मी भांडायला वर गेले होते. दार उघडलं ते फिलूकाकूंनी. त्या इथल्या एका इस्पितळात नर्स, चेहऱ्यावर कायम 'कुठे दुखतंय ते सांगा' असा भाव. मी म्हटलं, "वर काही मशीन चालू आहे का? खाली सगळं हलतंय." त्यांनी दार सताड उघडलं आणि बाजूला झाल्या.

हॉलच्या मधोमध एका लोखंडी घोडीवर निळी सायकल चढवलेली होती. तिच्यावर पन्नाशी ओलांडलेले, पोट सुटलेले, घामाने निथळणारे एक गृहस्थ पाय मारत होते. डोक्याला हेल्मेट. समोरच्या टीव्हीवर कुठल्यातरी डोंगरातल्या अरुंद रस्त्याचे फोटो एकामागून एक सरकत होते.

"या, या!" ते धापा टाकत म्हणाले. "आत्ता आपण एका चर्चच्या वळणावर आहोत. बसा. पुढे बदामाची झाडं आहेत."

मी काय म्हणायला आले होते तेच विसरले. म्हटलं, "हेल्मेट कशाला?"

"पडलो तर?"

"कुठे?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "सोफ्यावर," ते म्हणाले, आणि पाय मारत राहिले.

हे इनास लोपीस. मूळचे वसईचे, मीना सलमान बंदरावर एका मालवाहतूक कंपनीत गोदामाचे मॅनेजर. हयातीतली बहुतेक वर्षं त्यांनी कंटेनर आणि ट्रक यांच्या गोंगाटात काढली होती. हॉर्न या वस्तूबद्दल त्यांना जेवढा तिरस्कार होता तेवढा सैतानाबद्दलही नसावा. स्वतःच्या गाडीचा हॉर्न त्यांनी वायर तोडून बंद करून ठेवला होता. त्यामुळे बाकीचे सगळे त्यांना हॉर्न मारायचे.

त्यांना वेड होतं रिकाम्या रस्त्यांचं. तेही सायप्रसमधल्या. सायप्रसच का, तर कधीतरी कंपनीच्या कॅलेंडरवर तिथल्या डोंगरातल्या एका रस्त्याचा फोटो होता आणि त्या फोटोत एकही गाडी नव्हती. बस्स. तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. ट्रूडोसच्या डोंगरांतली एकूण एक वाट या माणसाने जुफैरच्या सोफ्यावर बसून इंटरनेटच्या नकाशावर पालथी घातली होती. कुठल्या गावाला पाण्याचा नळ चौकात आहे, कुठल्या वळणावर भिंत पडली आहे, सगळं तोंडपाठ. वाहनं नाहीत, गोंगाट नाही, सायकल घेऊन माणूस निवांत जाईल असे रस्ते शोधायचे आणि सायकलवाल्यांच्या एका वेबसाइटवर नकाशा आणि वर्णनासकट टाकायचे, हा त्यांचा उद्योग.

रस्ता निवांत आहे हे फोटोवरून ओळखायची त्यांची रीत होती. डांबराच्या भेगेत गवत दिसलं, तर बरा. मधोमध कुत्रा झोपलेला दिसला, तर चांगला. आणि एखाद्या म्हातारीने घराबाहेर खुर्ची टाकलीय, तीही रस्त्याकडे पाठ करून, म्हणजे सर्वोत्तम. "बघण्यासारखं काही येतच नाही, मग ती तोंड इकडे कशाला करेल?" ते विचारायचे. याला ते खुर्चीचा रस्ता म्हणत. पुढे पुढे त्यांनी ही वर्गवारी माणसांनाही लावली. त्यांच्या वरचा साहेब हायवे होता. चर्चमधल्या गायकवृंदाच्या बाई म्हणजे चौक, तोही सिग्नल बंद पडलेला. माझे यजमान श्रीकांत फारसे बोलत नाहीत, ते कुत्र्याच्या रस्त्यात मोडत. हे श्रीकांतना मी सांगितलं नाही.

"आणि मी?" एकदा मी विचारलं.

"मीनल, तू..." ते विचारात पडले. "तू सर्व्हिस रोड. कामाची आहेस, पण दोन्ही बाजूंनी रहदारी."

गंमत अशी की हा डोंगरांचा जाणकार आयुष्यात कधी डोंगर चढलेला नव्हता. वसई सपाट. बहारीन त्याहून सपाट. इथला सगळ्यात उंच डोंगर जबल दुखान, तो आमच्या पर्वतीपुढे उभा केला तर पर्वती त्याला खाऊ देईल. आणि सायप्रसला जायचं म्हटलं की रजा कुठे होती? दर मे महिन्यात वसईला लग्न. "याच्या भावंडांची लग्नं संपली, मग पुतण्यांची सुरू झाली," फिलूकाकू सांगायच्या. "त्या घरात माणसं जन्मालाच लग्नासाठी येतात."

त्यामुळे सरावासाठी काकांनी जुफैरमध्येच डोंगर शोधला. आमच्या मागच्या गल्लीत एका ऑफिस इमारतीचं बहुमजली पार्किंग आहे. शुक्रवारी ऑफिसं बंद, गाड्या नाहीत. इथल्या कॅथलिकांचा रविवार शुक्रवारीच असतो, तेव्हा सकाळचा मिस्सा उरकायचा, फादरांशी दोन शब्द बोलायचे आणि चर्चचे कपडे बदलून थेट पार्किंगचा गोल गोल उतार चढायला लागायचं. एका मजल्यावरून दुसऱ्यावर, तिथून गच्चीवर. गच्चीवर पोचले की खिशातून वसईची सुकेळी काढायची. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवलेली, अंजिरासारखी गोड. प्रत्येक शिखरावर एक सुकेळी, हा त्यांचा नियम होता. गच्चीच्या कठड्याला टेकून, समोरच्या उंच इमारतींमध्ये वाळत घातलेल्या चादरी बघत ते ती खायचे.

तिथला बांगलादेशी वॉचमन पहिले काही शुक्रवार नुसता बघत राहिला. मग न राहवून त्याने विचारलं, "अंकल, आपका गाड़ी किधर रखा, याद नहीं आता क्या?"

काकांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. सायप्रस, चढ, तयारी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोई बात नहीं अंकल. मैं भी ढूँढता हूँ." त्यानंतर दर शुक्रवारी तो खालून ओरडून विचारायचा, "मिला?" आणि काका वरून ओरडायचे, "मफी!" बहारीनमध्ये नाही म्हणायला हा एक अरबी शब्द पुरतो, आणि काकांना तो फार प्रिय होता. मफी गाडी, मफी हॉर्न, मफी साहेब. त्यांच्या स्वर्गाचं वर्णन एवढंच होतं.

शहरात त्यांच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे मात्र शिक्षा. आम्हाला एकदा अरादला जायचं होतं. किल्ल्याजवळ समुद्राकाठी इथल्या मराठी मंडळाची सहल होती, आणि काका म्हणाले, मी रस्ता दाखवतो, एकही मोठा रस्ता लागणार नाही. श्रीकांत गाडी चालवत होते. आम्ही एका लॉन्ड्रीच्या मागून गेलो. एका मॉलच्या माल उतरवायच्या दारातून गेलो, तिथे गार्डने काकांना सलाम केला. शाळेच्या मैदानाला वळसा घातला. मुहर्रकचा पूल टाळायची काही सोय नव्हती, तेव्हा पुलावर काकांनी डोळे मिटून घेतले. पोचलो तेव्हा मंडळाची भेळ संपली होती आणि लोक सतरंज्या झटकत होते.

"पण एक तरी हॉर्न ऐकलास का?" काकांनी मला विचारलं.

मी भुकेली होते. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तर असा हा माणूस. पण हे सगळं हसण्यावारी नेता नेता मला एक गोष्ट उशिरा कळली. त्यांच्या रस्त्यांवरून खरोखरीची माणसं जात होती. एका डच जोडप्याने त्यांना मेल पाठवली. तुमच्यामुळे आमची सुट्टी सार्थकी लागली, आठवडाभर आम्हाला फक्त शेळ्या भेटल्या, तुम्ही नक्कीच पिढ्यान् पिढ्या त्या बेटावर राहत असणार, तुमचं गाव कोणतं? काकांनी ती मेल मला दाखवली. उत्तर त्यांनी आधीच लिहिलं होतं: मी किनाऱ्यालगत राहतो.

"यात काही खोटं नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "जुफैर किनाऱ्यालगतच आहे. वसईही आहे."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. टीव्हीवरचा फोटो तसाच थांबवून ते त्याच्याकडे बघत बसले. "मीनल, फोटोत सगळं सपाट दिसतं गं," ते म्हणाले. "कॅमेऱ्याला चढ कळत नाही. मी लोकांना पाठवतो, आणि मला स्वतःला माहीत नाही मी कुठे पाठवतो ते. एकदा जाऊन बघायला पाहिजे. एकदा तरी."

आणि 'एकदा'ला आता मुदत लागली होती. साठी आली होती. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की बहारीन खलास, सामान बांधून वसई. तिथे गेल्यावर भावाचा बंगला, शेतीच्या कटकटी, गुडघे. वसईतून पुन्हा कोण सायप्रसला जातंय? ते तसं म्हणाले नाहीत, पण जिना उतरताना मला वाईट वाटलं. आयुष्यभर रेखाटलेल्या रस्त्यांवर पाय न ठेवताच हा माणूस निघून जाणार होता.

त्या वर्षी, का कोण जाणे, लोपीसांच्या घरात मे महिन्यात लग्न नव्हतं. फिलूकाकूंनी परस्पर तिकिटं काढली. काकांना सांगितलं जेवताना, मीठ दे म्हणावं तशा आवाजात. "ईस्टर झाला की जातोय. मीनलपण येतेय." हे मलाही तेव्हाच, त्यांच्याकडे जेवायला बसले असताना कळलं. मी गेले, कारण फिलूकाकूंना नाही म्हणालेला पेशंट मी अजून पाहिलेला नाही.

पहाटे सायप्रसला, लार्नाकाच्या विमानतळावर उतरलो. ठरवलेली व्हॅन आली, काकांची निळी सायकल तिच्यात चढली, आणि डोंगराच्या पायथ्याच्या गावी आम्हाला सोडून ती निघून गेली. काकू आणि मी तिथल्या दुकानातून बॅटरीच्या सायकली घेतल्या. काकांनी त्या सायकलींकडे पाहिलं आणि नंतर दोन दिवस त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

गावात एक वेगळीच अडचण निघाली. आमचा ईस्टर झाला होता, पण तिथल्या ऑर्थोडॉक्स पंथाचा अजून यायचा होता. खेड्यातल्या खाणावळीत सगळा उपासाचा मामला. शेंगा, ऑलिव्ह, पाव. चाळीस दिवस उपास काढून मटणाच्या आशेने आलेल्या फिलूकाकू त्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "इनास, तुझ्या नकाशात हे नव्हतं?"

पण रस्ते! काय सांगू? खरोखर कुणी नव्हतं. नदीच्या कडेकडेने अरुंद डांबरी रस्ता हळूहळू चढत होता, मधली रेघसुद्धा कुणी आखायची तसदी घेतलेली नव्हती. बदामाची झाडं होती. चर्चचं वळण आलं तेव्हा काका थांबले, भिंतीला हात लावून पाहिला, आणि पुढे निघाले. एक कुत्रा रस्त्यात झोपला होता, त्याला वळसा घालून आम्ही गेलो. पूर्ण दिवसात एकही गाडी नाही. काका सगळ्यांच्या पुढे, शिस्तीत उजव्या कडेने, मागे आम्ही दोघी. कुठे छोटा उतार आला की ते खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे. देखावा बघायचाय, म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर समोरून पावाची व्हॅन आली. सरळ आमच्या अंगावर. ब्रेकचा आवाज, धूळ, आणि आतून एक पांढऱ्या मिश्यांचा म्हातारा हातवारे करत उतरला. आधी ग्रीकमध्ये जे काही बोलला त्याचा अर्थ लावायची गरज नव्हती. मग इंग्रजीत ओरडला, "लेफ्ट! हियर, लेफ्ट!"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सायप्रसमध्ये वाहनं डावीकडून चालतात. भारतासारखी. बहारीनमध्ये उजवीकडून. व्हॅनमध्ये बसून आलो तेव्हा ती डावीकडून आली, आणि आम्हा तिघांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण लहानपणापासून तसंच बसत आलोय. पण हँडल हातात येताच आम्ही बहारीनचे झालो आणि पहिल्या क्षणापासून उजवी कड धरली. दीड दिवस आम्ही चुकीच्या बाजूने चाललो होतो.

"वीस वर्षं नकाशा बघतोयस," काकू म्हणाल्या, "आणि हे तुला माहीत नाही?"

"फोटोत गाडीच नव्हती गं!" काका कळवळून म्हणाले. "गाडी असती तर बाजू कळली असती."

मग हे वाक्य त्यांच्या स्वतःच्याच कानात शिरलं. चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, पाववाल्यापाशी गेले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवायला लागले. "दीड दिवस, सर! चुकीच्या बाजूने! आणि तुम्ही पहिले! पहिली गाडी!" म्हाताऱ्याला वाटलं असणार, माणसाला ऊन लागलंय. काकांनी त्याला एक सुकेळी दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, हुंगली, खाल्ली, आणि आम्हाला एक पाव देऊन निघून गेला. त्या संध्याकाळी काका एवढे खुशीत होते की उपासाच्या शेंगा दोनदा मागून घेतल्या.

तिसरा दिवस खिंडीचा. ही खिंड त्यांच्या सगळ्या रस्त्यांतली सगळ्यात गाजलेली. डच जोडपंही इथूनच गेलं होतं. चढ असा की माझी बॅटरीसुद्धा कुरकुर करत होती. काका चढत होते. तोंड लाल, जीभ बाहेर, कपाळावरून धार. मी मागून बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, या माणसाला पोचव. पार्किंगचे सगळे शुक्रवार त्या पायांत होते. ते एकदाही थांबले नाहीत. माथ्यावर पोचले, सायकल आडवी टाकली, स्वतः आडवे झाले, आणि झोपल्या झोपल्या सुकेळी खाल्ली.

"चढलास रे," काकू म्हणाल्या.  आणि लगेच त्यांनी काकांची नाडी बघितली.

मग आम्ही निघायला उठलो. पलीकडे रस्ता खाली जात होता. खाली म्हणजे खालीच. एका पाठोपाठ एक वळणं, पार तळाशी लाल कौलांचं छोटंसं गाव. काका बुटाची नाडी बांधायला वाकले. ती बांधून झाली, दुसरी बांधली. मग पहिली सोडून पुन्हा बांधली. पाणी प्यायले. फोटो काढला. पुन्हा पाणी प्यायले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पार्किंगच्या गच्चीवरून ते खाली कसे यायचे? लिफ्टने. सायकल उभी करून लिफ्टमध्ये घालायचे आणि खाली येऊन पुन्हा चढायचे. उतार फुकटचा, त्याने पाय तयार होत नाहीत, असं काहीतरी सांगायचे, आणि आम्ही कुणी त्यावर विचारच केला नव्हता. हा माणूस आयुष्यात कधी उतारावरून सायकलने खाली आलेलाच नव्हता.

"इनास," काकू म्हणाल्या.

"मी चालत येतो. तुम्ही व्हा पुढे."

"चालत अंधार होईल."

"होऊ दे." आणि मग, रस्त्याकडे बघतच, ते म्हणाले, "फिलू, मी इथलं वर्णन लिहिलंय. उतार सोपा आणि आनंददायक. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही जमेल. असं लिहिलंय मी. सोफ्यावर बसून." त्यांनी हँडल घट्ट धरलं. "लोक वाचून आले गं. पोरंबाळं घेऊन आले असतील. त्यातलं कोणी पडलं असलं तर? मला काय माहीत होतं? मला वाटलं, उतार म्हणजे... उतारच."

 सर्व्हिस रोड असूनही मला थट्टा सुचेना. 

काकूंनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "नर्सिंग मी साताऱ्याला केलं," त्या मला म्हणाल्या, जणू काका तिथे नव्हतेच. "सुट्टीच्या दिवशी आम्ही मुली भाड्याच्या सायकली घ्यायचो आणि घाटातून खाली यायचो. मेट्रनने दोनदा पकडलं." मग त्या काकांकडे वळल्या. "मी पुढे जाते. माझ्या पाठीकडे बघ. मी ब्रेक दाबला की तू दाब. दोन्ही हळूहळू, गच्च नाही. आणि लिहिलंयस ना सोपा आणि आनंददायक? मग चल, बघून येऊ खरं आहे का."

लग्नाला पस्तीसेक वर्षं झालेल्या माणसाने बायकोकडे असं बघितलेलं मी पाहिलं नव्हतं. "तू घाटातून यायचीस?" ते म्हणाले. "कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुझं आपलं सायप्रस सायप्रस."

आणि त्या सुटल्या. काका त्यांच्या मागे. मी सगळ्यात शेवटी, कारण कोणी पडलं तर गोळा करायला कुणीतरी हवं. काकांची पाठ लाकडासारखी ताठ, कोपर बाहेर, आणि ब्रेक एवढे दाबलेले की रबराचा जळका वास मागे माझ्यापर्यंत येत होता. वळणावर काकू मान न वळवता ओरडायच्या, "आता दाब! आता सोड! सोड म्हटलं ना!" आणि काका ओरडायचे, "सोडलाय!" सोडलेला नसायचा. डाव्या बाजूला दरी होती, ती मीच बघितली, त्यांनी नाही. असे आम्ही त्या सुंदर डोंगरातून नवराबायकोचं भांडण मोठ्याने वाजवत खाली आलो, आणि त्या निवांत रस्त्यावर त्या दिवशी सगळ्यात जास्त गोंगाट आमचाच होता.

गावच्या चौकात एक कॉफीचं दुकान होतं. बाहेर दोन टेबलं, चार म्हातारे. काका सायकलवरून उतरले, पण बोटं ब्रेकच्या दांडीवरून सुटेनात. आखडून गेली होती. काकूंनी इस्पितळातल्यासारखी एक एक करून ती उघडली, तळवा चोळला, आणि त्यांना खुर्चीत बसवलं. कॉफी मागवली. 

"मीनल, फोन काढ," काका म्हणाले. "ते वर्णन उघड. बदलायचंय."

मी उघडलं.

"सोपा काढ."

मी काढलं. "आणि आनंददायक?"

 त्यांनी डोंगराकडे वळून बघितलं. "ते मला कसं कळणार?" ते म्हणाले. "मी रस्ता कुठे बघितला? मी हिची पाठ बघितली." ते उठले. हात झटकून पाहिले, बोटं उघडली मिटली, आणि सायकल धरली.

"कुठे निघालास?" काकू म्हणाल्या.

"वरपर्यंत नाही. त्या दुसऱ्या वळणापर्यंत. बघून येतो. यल्ला, निघालो."

मला वाटलं काकू अडवतील. त्या फक्त म्हणाल्या, "गच्च दाबू नकोस." काका सायकल ढकलत चढायला लागले आणि पहिल्या वळणाआड गेले. मी उभी राहिले. म्हातारेही बघायला लागले. कॉफी आली, काकांचा कप त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला गेला. काकू बसूनच होत्या, पण चमचा कपात न घालता हातात धरून बसल्या होत्या.

मग वर ते दिसले. दुसऱ्या वळणाच्या पुढे, उन्हात, लहानसे. आधी हळू आले. मग थोडे वेगाने. मग माझ्या लक्षात आलं की ब्रेकचा आवाज येत नाहीये. शर्ट फुगला होता, कोपरं आत आली होती, मान वर होती आणि ते बघत होते, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे. "येजू मारी!" एवढं ऐकू आलं. ते चौकात शिरले, म्हाताऱ्यांनी पाय आत घेतले, आणि हा माणूस तोंड उघडं टाकून हसत, आम्हाला बघून न बघता, टेबलाच्या समोरून सरळ निघून गेला. गाव संपलं, रस्ता अजून खाली जात होता, तेही गेले. शेवटी नुसतं निळं काहीतरी दिसलं आणि ते झाडांत गेलं.

म्हातारे हसत टाळ्या वाजवायला लागले. मी फोन हातात घेऊन तशीच उभी होते. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं.

"काकू," मी म्हटलं, "आनंददायक ठेवू ना?"

"ठेव," काकू म्हणाल्या. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि काकांची कॉफी स्वतःकडे ओढून घेतली. "हा काही आता लवकर येत नाही."